निशाणी दोनशे बारा

बेलापूरच्या कोर्टात साडेसातनंतर एकच खोली उघडी.
तिकडे आत्ता सकाळ आहे.
एसीचा रिमोट सापडत नाही,
शिपायानं आपली शाल चांगुणाबाईंना दिली.
मी दुभाषा. तासाला आठशे, वर रिक्षा.

पडद्यावर जनरल.
एका देशावर सात वर्षं राज्य केलेला माणूस
चाकांच्या खुर्चीत, मांडीवर चौकड्यांचं पांघरूण,
नाकात नळी. मागे उभा असलेला बहुतेक नातू.
कुणाच्याही आजोबांसारखा दिसतो,
आणि हीच बचाव पक्षाची सगळ्यात मोठी तयारी.

प्रश्न त्यांच्या भाषेतून इंग्रजीत येतो, तिथून माझ्याकडे.
बेपत्ता व्यक्तीशी आपलं नातं?
"बेपत्ता कसा? पत्ता व्हता त्याला.
दिवाले गाव, जेट्टीचे मागं. आजून त्योच हाय."
याचं इंग्रजी करताना माझी चार वाक्यं झाली
आणि एकातही ती गोष्ट आली नाही.
बाईंच्या बोलीत ळ नाही, इंग्रजीतही नाही.
मधल्या मधे तो माझ्या जिभेवर येतो
आणि तसाच गिळला जातो.

निशाणी दोनशे बारा: एक निळं पाकीट.
काथोड म्हात्रे, जहाजावरचा फिटर,
बंदरात संप, शहरात संचारबंदी,
दोन तासांची सूट मिळाली म्हणून पत्र टाकायला उतरला.
पत्र पोचलं.
न्यायाधीश म्हणाल्या, वाचून दाखवा.
बाईंना वाचता येत नाही, मी वाचलं.
होडीला डांबर लावून घे.
हशादादाचे वीस रुपये देऊन टाक.
इथे फार थंडी आहे, लोक हळू बोलतात.

बचावाचा वकील उठला. तरुण, नम्र.
खलाशी पळून जातात, बाई. दुसरा संसार थाटतात.
"थाटला आसंल तं आना तिला हिकरं.
जेवाला घालीन मी सवतीला."
तिकडच्या बाकांवर कुणीतरी हसलं,
माझ्यानंतर अकरा सेकंदांनी.

नुकसानभरपाईचं विचारलं.
"म्हंजे साडेबारा टक्के?" त्यांनी मलाच विचारलं.
जमिनी गेल्या तेव्हापासून भरपाई म्हणजे
सिडकोच्या जिन्यावरची रांग.
"नको. ती वलखीची हाय माझे."

मग सरकारी वकिलांचा शेवटचा प्रश्न.
आरोपी दोषी ठरावा असं वाटतं का? हो की नाही.
बाईंचा हात कपाळाकडे गेला.
सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी लावलेलं कुंकू.
सासू म्हणाली होती, पूस. भाऊ म्हणाला, पूस.
दरवेळी एकच उत्तर: कागद दाखवा.
आज कागद तयार होत होता.
म्हातारा दोषी ठरला तर या विधवा.
सुटला तर काथोड म्हात्रे अजून
पत्र टाकून जहाजाकडे चाललाय.

तेवढ्यात नेट अडकलं.
जनरलचं तोंड अर्धं उघडं, डोळे कॅमेऱ्यात.
तंत्रज्ञ वायरी हलवू लागला, शिपाई चहाला गेला.
बाई उठल्या, शाल खुर्चीवर ठेवली,
आणि पडद्याच्या हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या.
बाजारात मासळीचे कल्ले उचलून बघावे,
ताजी की शिळी, तसं
बघत राहिल्या.
चार मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं.

चित्र हललं. नातवानं पांघरूण सारखं केलं.
बाई जागेवर न बसताच बोलल्या.
"हां. लिव."
मी 'येस' म्हणालो.
आयुष्यात इतका आखूड अनुवाद केला नव्हता.

पुढली तारीख एकोणीस.
माइक बंद झाल्यावर त्यांनी विचारलं,
"कानान काय घातलाय त्यानं?"
हेडफोन, मी म्हणालो. तुमचं बोलणं त्यातून त्याच्या भाषेत जातं.
"म्हंजे सगला आयकला त्यानं?"
ऐकलं.
"डांबराचा पन?"
डांबराचंही.

टेबलावरचा पाण्याचा ग्लास संध्याकाळपासून झाकलेला होता.
त्यांनी झाकण काढलं.
उभ्यानंच प्यायल्या, सगळं.